आधी आमच्या आषाढात या : श्वासावरून रोग ओळखू पाहणाऱ्या संशोधकांना खुले पत्र

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत वायू-सेन्सर घडवणाऱ्या प्राध्यापकांना, त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींना, आणि या कामाला निधी देणाऱ्यांना,

स. न. वि. वि.

मी देवगड तालुक्यातली. विजयदुर्गच्या खाडीपासून आमचं घर चालत अर्ध्या तासावर. सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये 31 वर्षं रक्त, लघवी, थुंकी तपासली आणि निवृत्त झाले. बी.एस्सी. आणि डी.एम.एल.टी. (लॅबच्या कामाची पदविका) एवढंच शिक्षण. तरी तुम्हाला पत्र लिहायचं धाडस करते आहे, कारण माझी भाची कोल्हापुरात झिंक ऑक्साइडच्या नॅनोकांड्यांवर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक काड्यांवर, काम करते आणि तिच्यामुळे गेली चार वर्षं तुमचे पेपर माझ्या मोबाइलवर येऊन पडतात. सगळं कळतं असं नाही. पण एक खोड लागली आहे. पेपर उघडला की निष्कर्षाकडे न जाता मी आधी प्रयोगाच्या वेळची आर्द्रता शोधते. बऱ्याचदा ती लिहिलेलीच नसते. असली तर 'कोरडी हवा', नाहीतर 'कोरडा नायट्रोजन'. मग मी मोबाइल खाली ठेवते आणि पडवीत जाऊन वाळत घातलेले कपडे चाचपते. तिसरा दिवस असतो आणि अजून ओलेच असतात.

हे टोमणे मारायला लिहीत नाही. श्वासावरून रोग कळावा असं मला तुमच्याइतकंच, कदाचित जरा जास्तच वाटतं.

2009 चा मे महिना. भावाचा मुलगा, चौदा वर्षांचा, सुट्टीत आमच्याकडे आला होता. माजघरात गवतावर हापूसची आढी लावलेली, घरभर तोच दरवळ. पोर दिवसाला दहा-दहा आंबे चोखायचं. तहान लागते म्हणून तांब्यावर तांबे रिकामे करायचं, रात्री चारदा उठायचं. उन्हाळाच तसा आहे, म्हटलं. पाचव्या दिवशी पोटात दुखून उलट्या सुरू झाल्या. आंबे बाधले, असं सासूबाई म्हणाल्या, मीही मान डोलावली. त्याच्या उशाशी बसलेली माझी जाऊ म्हणाली, "ह्येच्या तोंडाक आंब्याचो वास येता गो." सासूबाई हसल्या. "आंब्याच्या दिसांत आंब्याचो नाय तर कसलो वास येतलो?"

तिन्हीसांजेला तो खोल खोल, भात्यासारखा श्वास घ्यायला लागला तेव्हा माझं डोकं ठिकाणावर आलं. घरात पट्ट्यांची डबी होती. लघवीत पट्टी बुडवली. साखरेचा चौकोन तपकिरी झाला, कीटोनचा गडद जांभळा. टाइप 1 मधुमेह, आणि कीटोअॅसिडोसिसपर्यंत, म्हणजे रक्त आंबट होऊन जिवावर बेतण्यापर्यंत, मजल गेलेली. रात्रीच गाडी करून मोठ्या रुग्णालयात नेलं. इन्सुलिन आणि सलाइनवर तिसऱ्या दिवशी पोर उठून बसलं. आज तो मुंबईला नोकरी करतो, दिवसातून चार वेळा टोचून घेतो, आणि आंब्याची एकच फोड खातो. त्याची धाकटी बहीण तीच, कोल्हापूरवाली. तिने अॅसिटोनचा सेन्सर हा विषय का घेतला हे तिच्या गाइडना ठाऊक नसेल, आम्हा घरच्यांना ठाऊक आहे.

हा वास मी पुस्तकात वाचला होता, परीक्षेत लिहिला होता. इन्सुलिन नसलं की शरीर साखर सोडून चरबी जाळतं, त्यातून कीटोन तयार होतात, त्यातला अॅसिटोन उडून जाणारा म्हणून फुप्फुसांवाटे बाहेर पडतो आणि तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतो. सगळं पाठ. तरी मला तो पाच दिवस आला नाही, कारण घरच त्या वासाने भरलेलं होतं. नाक नवीन वास पकडतं, मुरलेला वास विसरतं.

तुमचा सेन्सर म्हणजे दुसरं नाकच. म्हणून माझी ती चूक हीच फूटपट्टी धरून मी त्याला मोजते.

भाचीने मला हे समजावलं ते चुलीच्या भाषेत, आणि मला पटलं. 1962 मध्ये जपानात सेयामा यांनी झिंक ऑक्साइडच्या पातळ थरावर वायू ओळखून दाखवला, त्याच वर्षी तागुची यांनी टिन ऑक्साइडच्या सेन्सरच्या पेटंटसाठी अर्ज केला. स्वयंपाकघरात सिलिंडर गळला की किंचाळणारी डबी याच घराण्यातली. ऑक्साइड दोन-तीनशे अंशांवर तापवलं की हवेतला ऑक्सिजन त्याच्या अंगाला चिकटतो आणि त्याचे इलेक्ट्रॉन जणू गहाण ठेवून घेतो, त्यामुळे विजेला वाट मिळत नाही. अॅसिटोन किंवा दुसरा जळाऊ वायू आला की तो या चिकटलेल्या ऑक्सिजनशी जळतो, गहाण इलेक्ट्रॉन सुटतात, रोध उतरतो. दाणा जितका बारीक तितका त्याचा पृष्ठभाग जास्त. टिन ऑक्साइडचा कण साधारण 6 नॅनोमीटरपर्यंत खाली आला की अख्खा कणच या गहाणखतात सापडतो आणि संवेदनक्षमता एकदम चढते. नॅनोचं सारं कौतुक इथे आहे आणि ते रास्त आहे.

पण चिकटायला येणारा एकटा ऑक्सिजन नसतो. पाण्याची वाफही त्याच जागांवर येऊन बसते. निरोगी माणसाच्या श्वासात अॅसिटोन दहा लाख भागांत साधारण 0.3 ते 0.9 भाग. मधुमेहासाठी तुमच्या पेपरांतून 1.8 हा आकडा फिरतो. आणि त्याच दहा लाख भागांत पाण्याची वाफ पन्नास-साठ हजार भाग. म्हणजे मालवणच्या जत्रेत हरवलेला एक मुलगा शोधायचा आणि त्यात जत्रेची गर्दी मोजलीच नाही असं म्हणायचं! कोरड्या नायट्रोजनमध्ये अॅसिटोन ओळखणं ही त्या मुलाला रिकाम्या मैदानात ओळखण्याची गोष्ट आहे. ते कोणालाही जमेल, आमच्या सासूबाईंनाही जमलं असतं.

हे अशक्य आहे असं मुळीच नाही. झ्युरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात प्रात्सिनिस यांच्या गटाने 2010 मध्ये सिलिकॉन मिसळलेल्या टंगस्टन ऑक्साइडचा अॅसिटोन सेन्सर दाखवला, तो 90 टक्के आर्द्रतेपर्यंत तपासून. स्वित्झर्लंडच्या थंडीत बसून त्यांनी पाऊस आत आणला. आपल्याकडे पाऊस फुकट पडतो, जून ते सप्टेंबर. खिडकी उघडली तरी पुरे.

आणि वाफ ही निम्मीच अडचण. निम्मी अडचण आमच्या ताटात, अंगणात आणि पंचांगात आहे.

पंचांगापासून सुरू करते. अॅसिटोन वाढायला मधुमेहच लागतो असं नाही, उपाशी राहिलं तरी तो वाढतो. आषाढी एकादशीला आमच्या वाडीत निरंकार उपास करणाऱ्या बायका आहेत. सोळा सोमवार आहेत, संकष्टी आहे. लावणीच्या दिवसांत पहाटे उकड्या तांदळाची पेज पिऊन शेतात उतरलेली बाई दुपारी दोनला चिखलातून वर येते तेव्हा तिच्या श्वासात काय असेल, हे तुमच्यापैकी कोणी मोजलं आहे? तिला तुमच्या यंत्राने मधुमेही ठरवलं तर ती घाबरेल. आणि साखर वाढलेला पण नुकताच भात जेवून आलेला म्हातारा कदाचित सुटेल, कारण श्वासातला अॅसिटोन आणि रक्तातली साखर हातात हात घालून चालत नाहीत. हे तुम्हाला माहीत आहे. मग पेपरच्या पहिल्या वाक्यात 'रक्त न काढता साखर मोजण्यासाठी' असं का लिहिता?

ताटातलं सांगायचं तर मासे. मिरगाच्या आधी आगोट भरतो आम्ही. सुकट, सुके बोंबील, खारवलेला बांगडा. पावसाळाभर तेच. त्यातलं ट्रायमिथाइलअमाइन, म्हणजे मासळीचा तो वास, तोंडात असतं, घरात असतं, डब्याच्या झाकणाला असतं. मूत्रपिंडाच्या रोग्याच्या श्वासात अमोनिया आणि अमाइनं वाढतात म्हणून तुम्ही जे सेन्सर करता त्यांना आमच्या घरात रोज मूत्रपिंडाचा रोग दिसेल. अमोनियाचं तर आणखी एक आहे, तोंडातले जंतूच तो तयार करतात. नुसती चूळ भरायला लावली तरी आकडा हलतो. लसणाचा गंधकवाला वायू रक्तातून परत फुप्फुसात येतो, त्यामुळे दात घासूनही तो कित्येक तास जात नाही. काजूच्या हंगामात संध्याकाळी कोण काय पिऊन आलंय ते विचारायचं नसतं, पण टिन ऑक्साइडला अल्कोहोल आणि अॅसिटोन यांतला फरक करताना घाम फुटतो. शिवाय मशेरी. चाळिशीच्या पुढच्या किती बायका दिवसातून तीनदा मशेरी लावतात याचा अंदाज शहरात बसून यायचा नाही. विचारलं तर 'नाही' म्हणतील, दात पाहिले की कळतं. वर चुलीचा धूर. फुप्फुसाच्या रोगासाठी तुम्ही जी बेंझिनसारखी संयुगं शोधता ती चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या श्वासात आजाराशिवायही असतात.

(जाता जाता एक धंद्याचं. ट्रायमिथाइलअमाइनवर तुमचा सेन्सर खरंच चांगला चालत असेल तर तो आधी मालवणच्या लिलावात न्या. मासळी किती शिळी आहे हे सांगणाऱ्या डबीला तिथे दवाखान्याच्या आधी गिऱ्हाईक मिळेल, आणि कोळीण तुमच्या यंत्राची जी परीक्षा घेईल तशी कुठलंही जर्नल घेणार नाही. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, त्यांच्याशीही बोला.)

श्वासाची चाचणी खरोखर उपयोगाची ठरते तेव्हा ती कशी दिसते, याची उदाहरणं आहेत की. 1991 मध्ये स्वीडनमध्ये गुस्ताफसन आणि सहकाऱ्यांनी श्वासात नायट्रिक ऑक्साइड असतो हे दाखवलं. दम्याच्या रोग्यांत तो वाढतो हे पुढे कळलं. 2003 मध्ये अमेरिकेत त्याच्या पहिल्या उपकरणाला मान्यता मिळाली. मध्ये बारा वर्षं गेली. एकच वायू, एकच प्रश्न, आणि फुंकायचं तेही ठरलेल्या वेगाने, सेकंदाला 50 मिलिलिटर, कारण वेग बदलला की आकडा बदलतो. पोटातल्या हेलिकोबॅक्टर या जंतूसाठी युरियाची श्वासचाचणीही तशीच. तिथे तर आधी कार्बनवर खूण केलेला युरिया प्यायला देतात आणि तोच कार्बन श्वासात परत येतो का ते पाहतात. छोटा प्रश्न विचारला, नीट उत्तर मिळालं.

तुमच्यापैकी अनेकांना मात्र सगळे रोग एका फुंकरीत हवे आहेत. 2017 मध्ये इस्रायलच्या टेक्निऑन या तंत्रविद्यापीठातल्या होसाम हाइक यांच्या गटाने सोन्याचे नॅनोकण आणि कार्बन नळ्या यांच्या सेन्सरांनी 1404 माणसांचे श्वास तपासून 17 रोग वेगळे करायचा प्रयत्न केला. अचूकता 86 टक्के. काम मोठं आहे, मी नमस्कार करते. पण इथल्या वर्तमानपत्रात अशी बातमी येते तेव्हा 86 चा आकडा छापतात आणि उरलेल्या 14 ची बातमी होत नाही. लॅबवालीला मात्र तो 14 च दिसतो. समजा, पाच हजार वस्तीच्या गावात क्षयाचे दहा रोगी आहेत आणि तुमचं यंत्र दोन्ही बाजूंनी शंभरात 14 वेळा चुकतं. दहातले आठ-नऊ ते पकडेल. आणि सुमारे सातशे धडधाकट माणसांना क्षय आहे म्हणून सांगेल. या सातशे जणांना एसटीत बसवून जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, कोण नेणार? मुलं मुंबईला, घरात म्हातारा-म्हातारी. त्यात क्षयाचं नाव निघालं की विहिरीवरची बोलणी सुरू होतात, आणि नंतर थुंकी स्वच्छ आली तरी ती बोलणी थांबत नाहीत. म्हणून हात जोडून सांगते, 'निदान' हा शब्द इतक्या सहज वापरू नका. 'छाननी' म्हणा. चाळणी लावल्यावर खरी तपासणी व्हायची असते हे लोकांना त्या शब्दातच कळतं.

आणखी एक शंका आहे, ती मला रात्री झोपताना सुचली आणि दुसऱ्या दिवशी भाची म्हणाली, आत्या, यावर लोकांनी लिहिलंय. रोग्यांचे श्वास वॉर्डात घेतात. निरोगी माणसांचे कुठे? बहुतेक कॉलेजात, तुमच्याच विद्यार्थ्यांचे. वॉर्डात फिनाईल, स्पिरिट, सलाइनच्या नळ्यांचं प्लास्टिक, औषधं. कॉलेजात डिओ आणि कँटीनचा वडा. यंत्र हुशार असेल तर क्षयाच्या आधी फिनाईल ओळखायला शिकेल, आणि तुम्ही म्हणाल अचूकता 94 टक्के. आमच्या आढीचीच ही गोष्ट आहे, फक्त उलटी. मी खोलीच्या वासात रोगाचा वास हरवला, तुमचं यंत्र खोलीच्या वासालाच रोग समजेल. उपाय साधा आहे, आणि त्याला नॅनो काही लागत नाही. रोग्याच्याच घरातला निरोगी माणूस घ्या. एकाच चुलीचा धूर, एकच सुकट, एकच पाऊस. बायकोला क्षय असेल तर नवऱ्याचा श्वास, त्याच ओटीवर, त्याच वेळी. आणि खोलीतल्या हवेचा नमुनाही सोबत घ्या. पहिली फुंकर सोडून द्यायला सांगा, ती घशातली आणि नळीतली हवा असते, सुमारे दीडशे मिलिलिटर. श्वास पिशवीत भरून कोल्हापूरला न्यायचा विचार असेल तर तोही सोडा. पिशवीतून वाफ निसटते आणि पिशवी आपली संयुगं आत सोडते.

गोष्ट आठ वेळा सांगितली की खरी होते, याचा अनुभव आम्हा विजयदुर्गवाल्यांना चांगला आहे. दरवर्षी 18 ऑगस्टला किल्ल्यावर हेलियमचा दिवस साजरा होतो, कारण 1868 च्या त्या तारखेच्या खग्रास ग्रहणात लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ साहेबाने इथल्या ओट्यावरून हेलियम शोधला असं आम्ही लहानपणापासून ऐकलं. मीही शाळेत तेच भाषण ठोकलं होतं. खरं असं की 1868 मध्ये लॉकियर इंग्लंडात होता आणि तिथूनच त्याने त्या वर्षी सूर्याच्या प्रकाशातली हेलियमची पिवळी रेघ पाहिली. विजयदुर्गला तो आला 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला, म्हणजे रसायनशास्त्रज्ञ रॅम्सेंना पृथ्वीवर हेलियम सापडल्यावर तीन वर्षांनी. ओटा खरा, साहेब खरा, तारीख तेवढी तीस वर्षांनी सरकली. हे मी गावात सांगितलं तेव्हा कोणाला आवडलं नाही. तरी वायू ओळखायला माणूस इतक्या लांबून या किनाऱ्यावर आला होता, एवढं तर उरतंच. तुम्हाला कोल्हापुरातून घाट उतरून यायचंय, काही तासांचं काम.

माझी मागणी तीच आहे. सेन्सर पेपरात छापण्याआधी तो एक पावसाळा इथे काढा. एक दिवस येऊन फोटो काढून जाऊ नका, तीन महिने ठेवा. खाऱ्या वाऱ्याने आमच्या खिडक्यांचे गज दोन वर्षांत खपलीखपलीने गळतात, तुमचे चांदीच्या पेस्टचे जोड किती टिकतात ते कळू दे. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांच्या डबीचं झाकण पावसात एक रात्र उघडं राहिलं तर सकाळी पट्ट्या भलतेच आकडे दाखवतात, हे मी किती पेशंटना ओरडून सांगितलं असेल. शिवाय वीज. बाजारात मिळणाऱ्या साध्या एमक्यू सेन्सरच्या माहितीपत्रकातही वापरण्यापूर्वी 24 तासांहून जास्त तापवत ठेवा असं असतं. जुलैत आमच्याकडे 24 तास सलग वीज राहिली तर आम्ही एकमेकांना फोन करून सांगतो. तेव्हा तापवावा न लागणारा, ग्राफीनचा किंवा कार्बन नळ्यांचा सेन्सर करत असाल तर इथे तुमचं स्वागत जरा जास्त होईल. पण त्यांनाही पाणी बाधतंच, ती सूट नाही.

आणि जमलं नाही तर जमलं नाही असं छापा. 'कोकणच्या हवेत 88 टक्के आर्द्रतेला सेन्सर बंद पडला' असा एक पेपर मला वाचायला मिळाला तर मी तो प्रिंट काढून भिंतीला लावीन. निधी देणाऱ्यांना विनंती, असा पेपर देणाऱ्याचा पुढचा हप्ता अडवू नका.

येणार असाल तर मिरग लागल्यावर पंधरा दिवसांनी या. ओटीवर टेबल आहे, इन्व्हर्टर आहे, आणि वाडीतल्या चाळीस-पन्नास घरांत मला नाही म्हणणारं कोणी नाही, निम्म्यांचं रक्त मीच काढलेलं आहे. फुंकायच्या नळ्या एकदाच वापरायच्या, आणि मध्ये जंतू अडवणारी जाळी असलेल्या आणा, क्षयाच्या घरात फिरायचंय. माणसाला कागदावर सही घ्यायच्या आधी काय करतोय ते मालवणीत सांगावं लागेल, ते मी सांगेन. भाच्याला रजा टाकून बोलावते. त्याचा श्वास घ्या आणि त्याच वेळी त्याच्या बोटातून थेंब काढून साखर आणि कीटोनही तपासा, तो आता टोचण्याला दाद देत नाही.

उपकरणासोबत ओल शोषणारे सिलिका जेलचे खडे आणाल तेव्हा नेहमीपेक्षा दुप्पट आणा. सकाळी निळी जेल भरली की ओल शोषून दुपारच्या चहापर्यंत गुलाबी होते. माझ्या लॅबमध्ये मी ती रोज ओव्हनमध्ये भाजून परत निळी करायची. घरी ओव्हन नाही, पण चुलीवर कढई आहे.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग